उपडं ताट

आई पावसाळाभर राहायला येणार असा ताईचा फोन आला आणि तपासनिसांच्या डोक्यात ताटं शिरली.

तपासनीस हे काही त्यांचं नाव नव्हे. पण लेखातपासणी कार्यालयात उभी हयात काढली की नाव आपोआप गळून पडतं आणि हुद्दा तेवढा उरतो. सरकारी कचेऱ्यांमध्ये जायचं, तिथल्या खुर्च्या, कपाटं, पंखे, बादल्या मोजायच्या आणि कागदावर जे आहे ते जागेवरही आहे का हे बघायचं, हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा. एका दवाखान्यातून नाहीसं झालेलं स्टूल त्यांनी मोठ्या डॉक्टरांच्या न्हाणीघरातून बाहेर काढलं होतं, तेही डॉक्टर आत असताना. तेव्हापासून त्यांचा दरारा असा की ते जिन्यावरून चालले तरी इमारतीतली माणसं आपापल्या चपला मोजून घेत. बायको एरवी "अहो" म्हणायची. रागावली की तीही "तपासनीस" म्हणायची.

तर ताटं. लहानपणी त्यांच्या घरात सहा ताटं होती. एनॅमलची, पांढरी, निळ्या काठाची, आणि मागच्या बाजूला हिरवा रंग फासलेली. आई, बाबा आणि चार भावंडं, माणशी एक. ताटं सारखीच, पण प्रत्येकाचा टवका वेगळ्या जागी उडालेला, त्यामुळे कुणाचं कुठलं हे अंधारातही बोटाने कळायचं. तपासनिसांच्या ताटावरचा टवका बदकासारखा होता. ताई म्हणायची, बूट आहे. या विषयावर दोघांचं अजूनही एकमत झालेलं नव्हतं.

आणि ताटांपेक्षा मोठी होती ती त्या घरातली शिस्त. जेवायची वेळ झाली की चमच्याने ताटावर तीन टोले पडायचे. टण, टण, टण. सगळ्यांनी भिंतीला पाठ लावून एका ओळीत बसायचं. वाढून होईपर्यंत घासाला हात लावायचा नाही. जेवताना चकार शब्द बोलायचा नाही. पानात शीतही टाकायचं नाही. मग आपलं ताट घेऊन नळापाशी उंचीप्रमाणे रांगेत उभं राहायचं, ते घासायचं आणि बाबांपुढे धरायचं. बाबा ते तिरकं धरून बघत, "ठीक" म्हणत, की सुटका. एकच गोष्ट सक्त मना होती: ताट उपडं ठेवायचं नाही. आई म्हणायची, ताट उपडं केलं की अन्न रुसतं.

या शिस्तीचा तपासनिसांना भारी अभिमान होता. लग्न ठरताना त्यांनी तो सासऱ्यांना ऐकवला होता. इमारतीच्या सभेत कचऱ्याचा विषय निघाला, लिफ्टचा निघाला, अगदी पाण्याच्या पंपाचा निघाला तरी ते उठून म्हणत, "आमच्या घरी जेवणाची एक पद्धत होती." सभेतली निम्मी माणसं तेवढ्यात चहा पिऊन येत.

आईला यंदा त्याच ताटात वाढायचं, तिला चकित करायचं, असं ठरवून ते रविवारी सकाळी स्टूल घेऊन माळ्यावर चढले. माळ्यावर मोडका पंखा निघाला, मुलीची पहिलीतली छत्री निघाली, कुणाचा तरी प्लास्टरचा पाय निघाला. ताटं निघाली नाहीत.

"अगं, निळ्या काठाची ताटं कुठे गेली?" त्यांनी वरूनच विचारलं.

बायको खाली उगाचच भांडी आवरायला लागली. तपासनिसांना धंद्याच्या अनुभवाने कळलं, की माल गेलेला आहे.

"ती होय," ती म्हणाली. "ती मी भांडीवाल्याला दिली. केव्हाच. जुन्यावर नवं देतो ना तो."

"नवं काय घेतलंस?"

"टब."

तपासनीस स्टुलावरून पडले नाहीत, एवढंच. "सहा ताटांच्या बदल्यात एक टब?"

"टबाला झाकण होतं," बायको म्हणाली. "आणि टवके उडालेली ताटं ती, अहो. पाहुण्यांपुढे ठेवायची लाज वाटायची."

ज्या माणसाने सरकारचं एक स्टूल सोडलं नाही, त्याच्या स्वतःच्या घरातून बालपण उचललं गेलं आणि त्याला पत्ताही नाही! ते खाली उतरले, न्हाणीघरात जाऊन टबाकडे एकदा बघितलं आणि तसेच भांडीवाल्याकडे निघाले.

भांडीवाल्याला ताटं चांगली आठवत होती, कारण ती खपता खपत नव्हती. "पाच गेली पोल्ट्रीवाल्याला," तो म्हणाला. "कोंबड्यांना दाणे घालायला. साध्या पत्र्याची धार त्यांच्या चोचींना लागते, पण याचा काठ कसा गुळगुळीत."

भावंडांसारखी पाच ताटं, आणि त्यांत कोंबड्या! तपासनिसांनी भिंतीला हात टेकला. त्यातलं एक बाबांचं असणार. "आणि सहावं?"

"त्याचं नशीब काढलं बघा. ते नेलं संग्रहालयवाल्याने. काचेत ठेवलंय म्हणे."

हे ऐकल्यावर माणसाची छाती फुगणारच. नगरपालिकेचं संग्रहालय अग्निशमन दलाच्या गाडीखान्याच्या वर होतं. तपासनीस इस्त्रीचा शर्ट घालून, जिना चढताना मनातल्या मनात चार वाक्यं जुळवत गेले. आमचंच आहे, नाही, नाही, आभार कसले, समाजाचा ठेवा आहे, वगैरे.

आत एका शाळेची सहल आली होती. मुलं एका काचेच्या कपाटाभोवती जमली होती आणि कपाटात, लाल मखमलीवर, त्यांचं ताट उभं होतं. तोच निळा काठ. तेच बदक. तपासनिसांचे डोळे पाणावले. मग त्यांनी खालची पाटी वाचली.

'कैद्याचे ताट. जिल्हा कारागृह.'

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचली. पाटी तीच होती. ताटामागे आरसा लावलेला होता आणि आरशात ताटाची पाठ दिसत होती. हिरवा रंग कुणीतरी खरवडून काढला होता आणि त्याखालून पत्र्यावर ठोकलेला शिक्का स्वच्छ उमटला होता: 'जि. का.', आणि खाली २१४.

"हे खोटं आहे!" तपासनीस ओरडले. "हे माझं ताट आहे! मी रोज यात जेवलोय!"

सगळ्या सहलीने वळून बघितलं.

"मुलांनो," शिक्षिका शांतपणे म्हणाल्या, "सगळे दोन पावलं मागे या."

मुलं मागे आली. एका वेणीवालीने हात वर केला. "काका, तुम्हाला कधी सोडलं?"

"मला कुणी धरलंच नव्हतं!"

"म्हणजे सापडलाच नाहीत?" एका मुलाने मोठ्या आदराने विचारलं.

"असं विचारू नये," शिक्षिका म्हणाल्या. "शिक्षा भोगून झाली की माणूस आपल्यासारखाच असतो. काय असतो?"

"आपल्यासारखाच असतो!" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला. जाताना वेणीवालीने तपासनिसांच्या तळहातावर एक लिमलेटची गोळी ठेवली आणि पळाली.

एवढ्यात आतून अभिरक्षक धावत आले. अभिरक्षक म्हणजे संग्रहालयातल्या वस्तू सांभाळणारा माणूस. इथला किडकिडीत होता आणि बाटल्या, दिवे, कुलपं यांच्या सहवासात राहून त्याला जिवंत माणसाची फार भूक होती. "तुम्ही प्रत्यक्ष वापरलंय?" त्याने तपासनिसांचे दोन्ही हात धरले. "वा! किती साली होतात आपण? आतल्या आठवणी सांगाल का? आपण ध्वनिमुद्रण करू."

"आत नाही हो! घरात! हे आमच्या घरातलं ताट आहे. पाटी बदला."

अभिरक्षकाचा चेहरा विचारी झाला. "घरातलं? मग कारागृहाचा शिक्का कसा? हे बघा, ताट तुमचं नसेल तर पाटीला हरकत घ्यायचा तुम्हाला हक्क नाही. आणि तुमचं असेल, तर सरकारी ताट तुमच्या घरात काय करत होतं?"

हा प्रश्न तपासनिसांनी आजवर शेकडो लोकांना विचारला होता. तो आपल्यालाच विचारला गेला की कसं वाटतं हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तरी ते खचले नाहीत. त्यांचं नाव बढतीसाठी वर गेलेलं होतं आणि अशा वेळी नावाला शिंतोडा लागून चालत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी नगरपालिकेत रीतसर तक्रार दिली की सदर ताट आमच्या कुटुंबाचे असून पाटीमुळे आमची बदनामी होत आहे. खिडकीतल्या बाईंनी तक्रार वाचली आणि विचारलं, "कशात घालू? पाणी, गटार, मोकाट कुत्री की इतर?"

"इतर," तपासनीस दातओठ खात म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी तक्रारीची प्रत खालच्या मजल्यावरच्या वकिलांना दाखवली. वकिलांनी वकिली सोडून बरीच वर्षं झाली होती, पण सल्ले सोडले नव्हते. त्यांनी प्रत वाचली आणि कपाळावर हात मारला.

"तपासनीस, हे तुम्ही काय करून बसलात? ही तक्रार नाही, हा कबुलीजबाब आहे! ताट आमचं, असं लिहून दिलंत. ताटावर शिक्का सरकारचा. उद्या कुणी विचारलं की उरलेली पाच कुठायत, तर?"

"कोंबड्यांकडे."

"म्हणजे विल्हेवाटही लावलीत!" वकील उठून उभेच राहिले. "उद्याच्या उद्या दुसरा अर्ज द्या. सदर ताटाशी माझा किंवा माझ्या कुटुंबाचा कसलाही संबंध नाही, नव्हता आणि नसेल."

"नसेल, हे मी आत्ता कसं सांगू?"

"ठोकून द्या. कायद्यात जोर लागतो."

बुडत्याला काडीचा आधार, तपासनिसांनी दुसरा अर्ज दिला. त्यामुळे झालं असं, की एकच माणूस एकच ताट आपलं आहे आणि आपलं नाही असं म्हणतोय, असे दोन कागद एका फायलीत समोरासमोर येऊन बसले. नगरपालिका चक्रावली. अशा वेळी नियम असा, की वस्तूची जागेवर जाऊन पडताळणी करून घ्यायची. पडताळणी कोण करतं? लेखातपासणी कार्यालय. फाईल फिरत फिरत तपासनिसांच्याच कचेरीकडे निघाली. पण हे त्यांना कुणी कळवलं नाही, कारण त्या दिवसांत त्यांच्याशी फारसं कुणी बोलत नव्हतं.

बातमी इमारतीत पोचली होती. सहलीतली वेणीवाली तिसऱ्या मजल्यावरच्यांची भाची निघाली. मग काय, कानामात्रा वाढत गेली. पहारेकरी आजवर तपासनिसांना बघून बिडी लपवायचा. आता त्याने बिडी पुढे केली. न्हावी मान धरून म्हणाला, "साहेब, आतलं जेवण खरंच वाईट असतं का हो? नाही, आपलं माहीत असलेलं बरं." इमारतीचे सचिव येऊन पंपाच्या खोलीची किल्ली मागून घेऊन गेले. "तसं काही नाही," ते म्हणाले, "पण लोकांना बरं वाटेल." कुणीतरी जिन्याच्या भिंतीवर खडूने २१४ असंही लिहिलं होतं. अक्षर मोठ्या माणसाचं होतं, हे त्यातलं दुःख.

पण खरा धक्का बसला तो घरातच. रात्री जेवायला बसले असताना त्यांनी सवयीने चमच्याने ताटावर तीन टोले दिले आणि समोर बसलेली बायको घास हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिली.

"अहो," ती म्हणाली, "घंटा वाजली की ओळीने बसायचं. बोलायचं नाही. मग रांगेत जाऊन आपलं ताट आपण घासायचं. मग ते दाखवायचं. तेव्हा सुटका."

"हो. संस्कार म्हणतात त्याला."

"संस्कार नव्हेत हो ते," बायको म्हणाली. आणि तिने चमचा त्यांच्या हातातून काढून घेतला.

तपासनिसांनी ताट बाजूला सारलं. डोळ्यांपुढून एक एक गोष्ट सरकायला लागली. बाबांनी कधी दाराला आतून कडी लावली नाही. बाबांचं अंथरूण सकाळी विटेसारखं घडी केलेलं असायचं. बाबा कुणी नाव घेतलं की आधी उभे राहायचे आणि मग 'काय' विचारायचे. झुरळ दिसलं तरी त्याला "बाजूला हो रे" म्हणणारे, लाकडाच्या वखारीत हिशेब लिहिणारे, आयुष्यात ज्यांचा आवाज शेजाऱ्याला ऐकू गेला नाही, ते बाबा!

"आईंना फोन करून विचारा," बायको म्हणाली.

"काय विचारू? 'आई, प्रवासाची तयारी झाली का? छत्री घेतलीस का? बाबा तुरुंगात होते का?'"

आई आली. वय झालेलं, पाठीत वाकलेली, पण नजर अशी की सुईत दोरा ओवून घ्यावा. आल्या आल्या तिने टब बघितला आणि म्हणाली, "झाकण छान आहे." तपासनीस दोन दिवस तिच्याभोवती घुटमळत होते. बाबा तरुणपणी कुठे कुठे फिरले? बाबांना मोठ्या भिंती आवडायच्या का? सरकारी जेवणाबद्दल त्यांचं मत काय होतं? तिसऱ्या दिवशी जेवताना आईने घास खाली ठेवला.

"बाबा तुरुंगात होते का, असं सरळ विचार ना."

"होते का?"

"होते. मीठ दे."

तपासनिसांनी मिठाऐवजी साखर दिली. आईने ती बाजूला सारून स्वतःच मीठ घेतलं.

"तू पोटात होतास," आई सांगायला लागली, जणू वाण्याकडची गोष्ट सांगतेय. "तुझे बाबा तेव्हा शाळेत कारकून होते. पोरांना वाटायला दुधाची पावडर यायची, गोण्याच्या गोण्या. मुख्याध्यापक त्या बाहेर विकायचा. ह्यांनी चारदा सांगितलं, तो हसला. पोरं रिकामे पेले घेऊन उभी असायची, ते ह्यांना बघवेना. एका शनिवारी मुख्याध्यापक कोठीत गोण्या मोजायला गेला, आणि ह्यांनी बाहेरून कुलूप घातलं."

"बाबांनी? आपल्या बाबांनी?"

"किल्ली विहिरीत टाकली आणि घरी येऊन जेवले. मला म्हणाले, आज जरा भूक आहे. सोमवारी दार फोडलं तेव्हा तो मिशीसकट पांढरा होऊन बाहेर आला. दोन दिवस पावडर खाऊन काढलेले. पण माणूस वजनदार. ह्यांना आत घातलं."

"मग ताटं?"

"मी घर चालवायला भांडी विकली होती, पातेल्यापर्यंत. हे सुटायला आले तेव्हा ह्यांना घरी जेवायला ताट नव्हतं. तिथे आत जुनी ताटं काढून नवी आली होती. तुरुंगाचा साहेब भला. ह्यांनी त्याच्या पोरीला आत बसून गणित शिकवलं होतं. तो म्हणाला, घेऊन जा. ह्यांनी सहा आणली. मी म्हटलं, जेवणारे आपण तिघं, सहा कशाला? तर म्हणाले, होतील."

बायको पदराने डोळे टिपत होती. तपासनिसांच्या मनात मात्र इतक्या वर्षांची नोकरी जागी झाली. "आई, पण ताटं द्यायचा लेखी आदेश होता का?"

"तुझ्या बापाला कोंडायला लेखी आदेश होता," आई म्हणाली. "ताटं द्यायला कशाला हवा?"

"मग आम्हाला कधी सांगितलं का नाही?"

"तुम्ही जेवत होतात. जेवताना बोलायचं नाही, असं होतं ना घरात."

तपासनिसांनी चमचा उचलून पुन्हा खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "ती घंटा, ती रांग... बाबा आम्हाला कैद्यांसारखं वागवायचे, आई."

"वेडा आहेस," आई म्हणाली. "टोले मी सुरू केले. सुटून आले त्या दिवशी मी वाढलं, तर हे ताट हातात धरून उभेच. बसा म्हटलं, बसेनात. बाहेरच्या जगात कुणी काही सांगत नव्हतं ना, मग कळेना त्यांना काय करावं. मी चमचा उचलला आणि ताटावर तीनदा वाजवला. तेव्हा बसले. भिंतीला पाठ लावून. मग ताई जाऊन त्यांच्या शेजारी तशीच बसली. तिला वाटलं, खेळ आहे. पुढे तू बसायला लागलास, मग धाकटी दोघं. ओळ मोठी झाली तसे हे सावरले. ओळीत एकटे नव्हते ना." तिने ताटातलं शेवटचं शीत उचललं. "रंग मात्र त्यांनीच फासला मागून. तुम्हाला शाळेत कुणी चिडवू नये म्हणून."

तपासनिसांनीही आपल्या ताटातली शितं वेचून संपवली. ते उठले, आपलं ताट नळाखाली धरलं आणि गरजेपेक्षा बराच वेळ घासत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पातळ बदलून तयार बसली होती. शेजारी जेवणाचा डबा. "चल, दाखव मला ते ताट. जेवायची वेळ टळली तर मला चालत नाही, म्हणून डबा घेतलाय."

तिला गाडीखान्याचा जिना चढवताना अग्निशमन दलाचे दोन जवान मदतीला आले. अभिरक्षकाला जेव्हा कळलं की या आजी त्या ताटाच्या मालकीणबाई, तेव्हा त्याला काय करू आणि काय नको झालं. त्याने पांढरे हातमोजे चढवले, कपाट उघडलं आणि ताट मांजराचं पिल्लू आणावं तसं आणून आईपुढे टेबलावर ठेवलं.

"हातमोजे कशाला?" आईने विचारलं. "चटका बसतो?"

तिने टवक्यावरून बोट फिरवलं, ताट उपडं करून शिक्का बघितला, पुन्हा सरळ केलं. मग पिशवीतून पाण्याची बाटली काढली, ताट खिडकीबाहेर धरून विसळलं, पदराने पुसलं आणि डबा उघडून त्यात भात वाढला. वर बटाट्याची भाजी.

"आजी!" अभिरक्षक किंचाळला. "हे प्रदर्शनातलं आहे!"

"ताटच आहे ना?" आई म्हणाली. "मग झालं. बस रे."

हे तिने तपासनिसांना म्हटलं होतं. आणि ज्या माणसाने सरकारी टाचणी कधी शर्टाला लावली नाही, तो माणूस निमूटपणे संग्रहालयाच्या स्टुलावर बसला. त्यांना पहिला धक्का बसला तो ताटाच्या आकाराचा. आठवणीत ते परातीएवढं होतं. लहानपणी त्यात डोकं घालून जेवल्यासारखं वाटायचं. इथे भाताचे चार घास वाढले तर काठ दिसेनासा झाला. एवढ्याशा ताटात आपलं पोट भरत होतं? मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं, की भरत नसणार; आई पुन्हा पुन्हा वाढत असणार. त्यांनी घास घेतला. भात जरा गार होता. ते मुकाट्याने जेवायला लागले. जवान टोप्या काढून दाराशी उभे राहिले.

अशा वेळी जिन्यावर टाचा वाजल्या आणि हातात फाईल घेतलेल्या एक बाई आत आल्या. लेखातपासणी कार्यालयातल्या सगळ्यांत कडक. त्यांना तपासनिसांनीच तयार केलं होतं.

"कारागृहाच्या ताटाची पडताळणी..." असं म्हणता म्हणता बाई थबकल्या. समोर त्यांचे वरिष्ठ वादग्रस्त वस्तूत भात कालवत होते.

"सर?"

तपासनिसांच्या हातातला घास हवेतच राहिला. बढती, पंपाची किल्ली, जिन्यावरचा खडू, सगळं डोक्यातून एकदम निघून गेलं.

"सर, तुमचाच अर्ज आहे इथे," बाई चाचरत म्हणाल्या. "की या ताटाशी तुमचा कसलाही संबंध नाही. नव्हता आणि... नसेल."

"तो अर्ज खोटा आहे," तपासनीस म्हणाले. त्यांचा आवाज गाडीखान्यापर्यंत गेला. "माझ्या वडिलांनी आणलेलं ताट आहे. ते तुरुंगात होते. हे तिथलंच आहे. पाटी बरोबर आहे, फक्त अर्धी आहे. तसं लिहून घ्या, मी सही करतो."

बाईंनी पेन काढलं. नियमाप्रमाणे वस्तू कशा स्थितीत आढळली ते लिहायला हवं होतं. त्यांनी ताटाकडे बघितलं, भाताकडे बघितलं, आणि कधी नव्हे ते त्यांना शब्द सापडेना. "सर... शेरा काय लिहू?"

तपासनिसांनी घास चावला, गिळला आणि इतक्या वर्षांच्या अधिकाराने सांगितलं:

"लिहा. ताट, एक नग. टवका उडालेला. वापरात आहे."

"बोलू नकोस जेवताना," आई म्हणाली आणि आणखी भात वाढला.